ज्वारीच्या पानातला हिरवा रंग मोडणारं एन्झाइम बंद केलं, तर कडबा हिरवा राहील का?

प्रश्न कडब्याच्या भावातून आलाय, हे आम्हा सोलापूरकरांना सांगावं लागत नाही. हिरवट पेंढी दिसली की गिऱ्हाईक आधी तिकडंच वळतं. पण बंद करायचं ते कुठलं एन्झाइम?

हरितद्रव्य, म्हणजे पानातला हा हिरवा रंग, एका घावात मोडत नाही. आधी त्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियम निघतो, मग फायटॉलची शेपटी तुटते आणि फिओफॉर्बाइड उरतं. हे मोठं उपद्रवी. ऊन पडलं की ऑक्सिजनला चेतवून पेशीच जाळतं. त्याचं कडं फोडतं ते फिओफॉर्बाइड ए ऑक्सिजनेज, थोडक्यात ‘पाओ’. पुढं बनणारे बिनरंगी तुकडे पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, पडून राहतात. हे पाओ बंद पाडलं तर काय होतं, ते मक्यात दिसलंय: पाओ बनवणारा जनुक बिघडलेल्या झाडांच्या पानांवर करपल्यासारखे डाग पडतात, ते पसरतात आणि पान मरतं. म्हणजे याला हात लावायचा नाही.

मॅग्नेशियम काढणारं एन्झाइम बंद केलं तर मात्र रंग खरंच टिकतो. मेंडेलच्या वाटाण्याचा दाणा वाळूनही हिरवा राहायचा, तो हेच एन्झाइम बनवणाऱ्या जनुकातल्या बिघाडानं. हे २००७ मध्ये कळलं. त्या एन्झाइमचं नेमकं काम कळायला २०१६ उजाडलं. पण हा हिरवेपणा निव्वळ दिखाऊ. पानाचं अन्न बनवणं थांबतंच, वर हरितद्रव्याला धरून असलेली प्रथिनंही नीट मोडत नाहीत, आणि त्यांतला नायट्रोजन कणसाकडं जायचा तो पानातच अडकतो. कडबा देखणा, दाणा उपाशी!

आपली रब्बी ज्वारी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येते. दाणे भरायच्या वेळी ओल सरते आणि खालची पानं टोकाकडून पिवळी पडत येतात. बी-३५ सारखे ज्वारीचे वाण तेव्हाही हिरवे राहतात, पण एन्झाइम बिघडल्यामुळं नव्हे. त्यांचा पानांचा पसारा आटोपशीर, त्यामुळं फुलोऱ्याआधी पाणी कमी उडतं आणि दाण्यासाठी शिल्लक राहतं. हिरवा कडबा हवा असेल तर असा गुण असलेलं बियाणं शोधा.

काढणीनंतर पेंढ्या उन्हात पडून राहिल्या तर उरलासुरला रंग बराचसा उन्हानंच उडतो. वाळल्या की गंज लावून टाका.