पुन्हा पाण्यात उतरायचं का?

प्रश्न : बाई, सलाम. मी जळगावची, जन्मापासून कॅथोलिक. माझं लग्न नवापूरकडच्या एका प्रोटेस्टंट मुलाशी ठरतंय. त्यांचे पाळकसाहेब म्हणतात, तान्हेपणी डोक्यावर पाणी ओतलं तो बाप्तिस्मा धरता येत नाही, नदीत उतरून नव्याने घे. माझी आई म्हणते, मग मुलानेच आपल्या चर्चमध्ये येऊन स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, घ्यावा. शेवटी मोठ्यांनी तोडगा काढलाय : सकाळी आपल्याकडे आणि दुपारी त्यांच्याकडे, असं दोनदा लग्न लावायचं. हे चालेल का?
– एक भगिनी

उत्तर : पोरी, तुझी आई आणि पाळकसाहेब, दोघांनाही मी एकच उत्तर देते. तुझा बाप्तिस्मा झालाय आणि त्या मुलाचाही झालाय. पाणी वापरलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला, एवढं असलं की कॅथोलिक चर्च तो खरा धरतं; मग तो रंगावली नदीच्या पात्रात बुडवून दिलेला असो की चर्चमधल्या कुंडापाशी ओंजळभर पाणी ओतून. खरा बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देण्याची मुभा कोणाही फादरांना नाही. उद्या त्या मुलाला आपणहून कॅथोलिक व्हावंसं वाटलं, तरी तो श्रद्धेची कबुली देईल, बाप्तिस्मा पुन्हा घेणार नाही. आणि लग्न जमतंय म्हणून त्याने चर्च बदलावं, हा आग्रह मला पटत नाही. आईला माझं नाव घेऊन सांग.

तूही पुन्हा घेऊ नकोस. मिस्सेत, म्हणजे आपल्या मुख्य उपासनेत, आपण विश्वासांगीकार म्हणतो, त्यात पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा मानतो असं येतं. त्या अंगीकाराचा पाया ३२५ साली नायसियाच्या परिषदेत घातला गेला आणि एका बाप्तिस्म्याचं हे वाक्य ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेचं मानलं जातं. कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट असा भेद व्हायला तेव्हा हजाराहून जास्त वर्षं होती. ते वाक्य तुझ्या माहेरचं आहे तसंच सासरचंही. पुन्हा पाण्यात उतरलीस, तर आईबापांनी तुला कडेवर घेऊन जे केलं ते झालंच नव्हतं, असं चारचौघांत सांगितल्यासारखं होईल.

पाळकसाहेबांशी मात्र वाद घालू नकोस. विश्वास समजून-उमजून, आपल्या तोंडाने कबूल करावा, ही त्यांची तळमळ खरी आहे. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास पक्का करणारा संस्कार, झालं की चर्चकडे न फिरकणारी किती तरी मुलं मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाहिली आहेत. ते पाहून वाटतं, ही तळमळ आपणही घ्यावी. पण त्यांना नम्रपणे दोन गोष्टी सांगता येतील. १९८२ साली पेरू देशातल्या लिमा शहरात जागतिक चर्च परिषदेच्या एका आयोगाने बाप्तिस्म्यावर एक निवेदन मंजूर केलं. त्या आयोगात प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि कॅथोलिक असे सगळे होते. बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो, आणि पुन्हा दिल्यासारखं वाटेल असं काही करूही नये, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. दुसरी गोष्ट आपल्या नागपूरची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठ्यांनाच बुडवून देणारे बॅप्टिस्टही होते. दोन्ही रीती मान्य करून ते एकत्र आले. तिथे जे जमलं, ते दोन घरांत का जमू नये?

आता लग्नाचं. दोनदा नाही. संमती एकदाच द्यायची असते. सकाळी दिलेला शब्द दुपारी पुन्हा मागितला, तर सकाळचा अपुरा होता की काय, असं होतं. चर्चचा कायदाही दुहेरी विधीला मनाई करतो. पण कायद्याने जी वाट ठेवली आहे, ती आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. बिशपांची संमती घेऊन फादर त्या पाळकसाहेबांना लग्नविधीत बोलावू शकतात. त्यांनी बायबलचं वाचन करावं, दोन शब्द सांगावेत, तुम्हा दोघांना आशीर्वाद द्यावा. रोमने काढलेल्या १९९३ च्या ऐक्यविषयक मार्गदर्शिकेतच हे दिलंय. मिश्र विवाहाला बिशपांची परवानगी लागतेच, मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखलाही लागतो. म्हणून पत्रिका छापायला टाकण्याआधी फादरांना भेट.

मुलांच्या बाबतीत तुला वचन द्यावं लागेल, की त्यांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथोलिक श्रद्धेत व्हावं म्हणून तू होईल ते सगळं करशील. पूर्वी नवऱ्या मुलाकडूनही हमी घेत. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ती अट काढली. आता त्याला तुझ्या वचनाची फक्त कल्पना दिली जाते. ती लग्नाच्या आदल्या दिवशी देऊ नकोस, आजच नीट बसून बोल.

एक दुःख उरेल. पवित्र कम्युनियन, म्हणजे मिस्सेतलं प्रभुभोजन, तुम्हाला एकत्र घेता येणार नाही, आणि म्हणूनच असं लग्न बहुधा मिस्सेशिवाय, वचनविधीत, म्हणजे बायबलचं वाचन आणि प्रार्थना एवढ्याच विधीत, लावतात. हे दुखतं आणि दुखायला हवं. त्याची सवय झाली तर ऐक्यासाठी प्रार्थना करणार कोण?

प्रश्न : जानेवारीतला ख्रिस्ती ऐक्याचा सप्ताह आमच्याकडे एका मिस्सेतल्या विनंत्यांवर संपतो. आणखी काय करावं?
– एक ज्येष्ठ वाचक, धुळे

उत्तर : काका, १८ ते २५ जानेवारी म्हणजे आपल्याकडे भरिताच्या वांग्यांचा भर हंगाम. एका संध्याकाळी प्रोटेस्टंट मंडळींच्या चर्चमध्ये प्रार्थना, दुसऱ्या संध्याकाळी आपल्याकडे, आणि नंतर अंगणात भरीत नि कळण्याची भाकरी. एवढं सुरू करा. भुसावळला अशा एका प्रार्थनेत प्रभूची प्रार्थना चालली होती. 'आम्हांला वाइटापासून सोडव' म्हणून आमची माणसं थांबली आणि त्यांची पुढे गेली, 'कारण की राज्य, सामर्थ्य व वैभव...'. आमच्यातले काही अवघडून इकडेतिकडे पाहायला लागले. माझ्या शेजारच्या आजीबाई मात्र त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. बाहेर आल्यावर कोणी तरी विचारलं, तर म्हणाल्या, "बाप एकच शे ना आपला?" खरं तर मिस्सेतही थोडी पुढे जाऊन आपण तेच म्हणतो, तेव्हा बिनधास्त म्हणा.

या सप्ताहासाठी वाचनं आणि प्रार्थना दरवर्षी तयार होऊन येतात. १९६८ पासून जागतिक चर्च परिषद आणि रोम मिळून ती काढतात. २०१३ ची तर भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने तयार केली होती, बायबलातल्या मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायावर, आणि त्यात दलित बांधवांवरच्या अन्यायाचा प्रश्न समोर ठेवला होता. आपल्या वस्तीत हा प्रश्न कॅथोलिकांना वेगळा आणि प्रोटेस्टंटांना वेगळा नाही. तुमच्या फादरांकडे ती वाचनं मागा, आणि मराठी वाचणाऱ्यांत त्यांची दोन मुलं, आपली दोन मुलं घ्या. तालीम ख्रिस्तजयंतीचे कार्यक्रम आटोपले की लगेच लावा, कारण नंतर शाळांची गॅदरिंगं सुरू होतात आणि मुलं हाती लागत नाहीत.