रोविन्य: एका दिवसात उरकू नका, मुक्काम करा

प्रश्न थोडक्यात असा होता: तुम्ही म्युनिकला राहता, जूनमध्ये वेंगुर्ल्याहून आई-बाबा आणि मावशी येणार आहेत, व्हेनिस ठरलेलं आहे. तिथून बोटीने सकाळी निघून क्रोएशियातलं रोविन्य बघावं आणि रात्री परत यावं, हे जमेल का? आईंचे गुडघे दुखतात, बाबांना मासळी आणि होड्यांची आवड, मावशी पूर्ण शाकाहारी.

आधी बोटीचं सांगतो, कारण बेत तिथेच अडतो. व्हेनिस आणि इस्त्रिया, म्हणजे रोविन्य ज्या द्वीपकल्पावर आहे तो भाग, यांच्यादरम्यान उन्हाळ्यात ज्या वेगवान बोटी चालतात, त्यांच्या वेळा बहुतेक इस्त्रियातल्या लोकांना एका दिवसात व्हेनिस दाखवण्यासाठी लावलेल्या असतात. म्हणजे सकाळी रोविन्यहून सुटतात आणि संध्याकाळी व्हेनिसहून परत फिरतात. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. तेव्हा संध्याकाळच्या बोटीने रोविन्यला पोचा, किमान दोन रात्री राहा आणि सकाळच्या बोटीने परत जा, किंवा व्हेनिस संपवून गाडीनेच तिकडे वळा. माझं मत विचाराल तर दुसरा पर्याय घ्या. रोविन्य बघायचं ते पहाटे आणि रात्री. दुपारी अकरा ते पाच या वेळात तिथे फक्त गर्दी दिसते.

हे गाव मुळात बेट होतं. मुख्य जमीन आणि बेट यांच्यामधली खाडीची चिंचोळी पट्टी १७६३ मध्ये बुजवली, तेव्हा ते किनाऱ्याला जोडलं गेलं. तेव्हा इथे व्हेनिसची सत्ता होती, १२८३ ते १७९७, पाचशे वर्षांहून जास्त. बेटावर जागा तेवढीच आणि माणसं वाढत चाललेली, म्हणून घरं वर चढत गेली, एकमेकांना चिकटली, पाण्याच्या कडेला तर भिंती थेट समुद्रातून उगवल्यासारख्या उभ्या आहेत. छपरांकडे बघा, धुराड्यांची दाटी दिसेल. मुलाचं लग्न झालं की त्याच घरात त्याला एक खोली मिळायची, नवी चूल पेटायची आणि छपरावर एक धुराडं वाढायचं. एकेका घरावर इतकी धुराडी का, याचं उत्तर हे आहे. बंदराजवळच्या चौकातून जुन्या गावात शिरताना बाल्बी कमान लागते, सतराव्या शतकातली. तिच्या बाहेरच्या अंगाला तुर्काचं डोकं कोरलंय, आतल्या अंगाला व्हेनिसकराचं. पाट्या सगळीकडे दोन भाषांत आहेत, क्रोएशियन आणि इटालियन. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग इटलीत होता, दुसऱ्यानंतर युगोस्लाव्हियात गेला आणि तेव्हा इथले बरेच इटालियन भाषक गाव सोडून निघून गेले. जे राहिले त्यांच्यातले काही वृद्ध आजही इथली लॅटिनमधून आलेली जुनी बोली बोलतात. क्रोएशियन नाही आणि प्रमाण इटालियनही नाही, अशी ती वेगळीच बोली आहे.

आता आईंच्या गुडघ्यांबद्दल. टेकडी फार उंच नाही, पण ग्रिझिया नावाची जी प्रसिद्ध गल्ली कमानीपासून वर जाते, ती पायऱ्यापायऱ्यांची आहे आणि तिचे चुनखडीचे दगड शतकानुशतकं पाय पडून गुळगुळीत झालेत. पावसाची सर येऊन गेली की तरुणसुद्धा भिंत धरून चालतात. आईंना तिथून नेऊ नका. बंदराच्या बाजूने स्वेतोग क्रीझा नावाची गल्ली टेकडीच्या दक्षिण अंगाने वळसा घेत चर्चकडे जाते, तिचा चढ सौम्य आहे, डावीकडे समुद्र आणि मधे टेकायला जागा मिळते. बूट रबरी तळव्यांचे हवेत, चपला नकोत. ग्रिझियावर तुम्ही पहाटे एकटे जाऊन या, दुकानांच्या मांडण्या लागण्याआधी.

वर संत युफेमियाचं चर्च आहे. ही मुलगी बॉस्फरसकाठच्या कॅल्सेडन गावची, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट डायोक्लिशनच्या काळात श्रद्धेपायी मारली गेली. आख्यायिका अशी की तिची दगडी शवपेटी सन ८०० मध्ये वाहत वाहत रोविन्यच्या किनाऱ्याला लागली. गावातल्या बलदंड माणसांना ती हलेना, शेवटी एका लहान मुलाने दोन वासरं जुंपून ती टेकडीवर ओढून नेली. ती पेटी आजही चर्चमध्ये वेदीच्या मागे ठेवलेली आहे, अवश्य बघा. १६ सप्टेंबरला तिचा उत्सव असतो. सध्याचं चर्च अठराव्या शतकातलं, घंटाघर त्याहून जुनं, सुमारे साठ मीटर उंच आणि व्हेनिसच्या सान मार्कोच्या घंटाघराच्या धर्तीवर बांधलेलं. माथ्यावर संताची तांब्याची मूर्ती आहे आणि ती वाऱ्याबरोबर फिरते. कोळी होडी काढण्याआधी तिच्याकडे बघून वारा ओळखत. घंटाघराचा जिना लाकडी, अरुंद, आणि फळ्यांच्या फटींतून खालचं दिसतं. आई-मावशींनी चढू नये. त्यांच्यासाठी चर्चबाहेरचा कठडा पुरेसा आहे, तिथून समोरची बेटं आणि सूर्यास्त दोन्ही दिसतात.

बाबांसाठी खरी गोष्ट मात्र टेकडीवर नाही, खाली बंदरात आहे. तिचं नाव बाताना. सपाट तळाची, कणा नसलेली छोटी लाकडी होडी. इथला किनारा खडकाळ आणि उथळ, त्यामुळे सपाट तळ सोयीचा. ती बांधायला मोठी गोदी लागत नाही, म्हणून गरीब कोळ्यालाही परवडायची. शिडं पिवळी, तांबडी, निळी रंगवलेली, आणि प्रत्येक घराण्याची आपली चिन्हं: कुठे चांदणी, कुठे पट्टे, कुठे क्रूस. किनाऱ्यावर उभ्या बाईला लांबूनच कळायचं की आपला माणूस परतला. साठ-सत्तरच्या दशकांत प्लास्टिक आणि मोटरच्या होड्या आल्या, तेव्हा ही विद्या बुडायच्या बेतात होती. गावकऱ्यांनीच मिळून २००४ मध्ये बाताना संग्रहालय उभं केलं. २०१६ मध्ये युनेस्कोने जिवंत वारसा जपण्याच्या उत्तम पद्धतींच्या यादीत या कामाची नोंद घेतली. मला या गावाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी. होड्या काचेमागे ठेवल्या नाहीत, पाण्यात ठेवल्या. संग्रहालय बंदराच्या कडेलाच आहे, छोटं आहे, तासाभरात होतं. उन्हाळ्यात बाहेर धक्क्यावर कारागीर प्रत्यक्ष होडी बांधताना दिसतात, फळी वाकवताना, सांधे भरताना. बाबांना तिथे सोडा आणि घाई करू नका.

उन्हाळ्यातल्या ठरावीक संध्याकाळी कंदील लावलेल्या बातानांतून टेकडीला पाण्यावरून वळसा घालता येतो आणि शेवटी स्पाचो म्हणतात अशा जुन्या तळघरात जेवण असतं. पूर्वी शेतकरी-कोळी घराण्यं आपली दारू अशा तळघरांत विकत आणि लोक तिथेच जमत. जागा थोड्या असतात, आधी नोंदवा. नशीब असेल तर तिथे बितिनादा ऐकायला मिळेल. जाळी विणताना कोळ्यांचे हात गुंतलेले, वाद्य धरणार कोण? मग एक जण गाणं म्हणतो आणि बाकीचे तोंडानेच मेंडोलिन, गिटार, ठेका धरतात. आपल्याकडे नाखवा वल्हवताना ताल धरतो तसाच हाही कामातून आलेला सूर आहे, पण इथे सगळा वाद्यवृंदच कंठातून उभा राहतो.

बाबांना आणखी दोन गोष्टी लगेच जाणवतील. एक, भरती-ओहोटी इतकी कमी की होड्या थेट धक्क्याला बांधून ठेवतात, वेंगुर्ल्यासारखं पाण्याची वाट बघणं नाही. दुसरी, तारलीची मासेमारी रात्री दिवे लावून होते. उजेडाला मासळी गोळा होते, मग वेढा जाळं. त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास या होड्या बंदरातच उभ्या असतात. जमल्यास चंद्र बघून तारीख ठरवा, काळोख्या रात्रीनंतर पहाटे मासळी उतरताना दिसण्याची शक्यता जास्त. मासळीबाजार वाल्दिबोरा चौकाजवळ, भाजीबाजाराच्या शेजारी आहे, पण तो सकाळीच बघावा लागतो. एकोणिसाव्या शतकापासून इथे तारली डबाबंद करण्याचा कारखानाही होता, आणि १८७२ पासून तंबाखूचा. गावातल्या कितीतरी बायकांचा संसार या दोन कारखान्यांवर चालला.

खाण्याचं. साधी तारली इथे सर्देले म्हणून मिळते, भाजलेली किंवा तळलेली, ती स्वस्त आणि सर्वांत चवदार. माकूलही छान. मसाला नसतो, ऑलिव्हचं तेल, लसूण, पार्सली आणि मीठ, बस. आईंना सपक वाटलं तर ब्रोदेत मागवा, टोमॅटो आणि वाइन किंवा व्हिनेगर घातलेलं माशांचं कालवण, सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा असतो. मोठ्या माशांचा भाव मेनूत किलोवर लिहिलेला असतो. मासा ताटात आणून दाखवतील तेव्हाच वजन आणि एकूण रक्कम विचारा, संकोच करू नका, इथे तो रिवाजच आहे. मावशींसाठी ट्रफल, म्हणजे सुवासिक अळंबी, घातलेली फुझी नावाची पास्ता सहज मिळते, पण तिच्या पिठात अंडं असतं. अंडं चालत नसेल तर प्ल्युकान्सी बघा, हातावर वळलेली ती पास्ता बहुधा बिनअंड्याची असते, तरी विचारून घ्या. ब्लितवा म्हणजे पालेभाजी आणि बटाटा, हे पोटभर होतं. मानेश्त्रा हे कडधान्याचं सूप दिसायला शाकाहारी, पण त्यात बरेचदा डुकराचं हाड शिजवलेलं असतं. "बेझ मेसा, बेझ रिबे" एवढं पाठ करून ठेवा: मांस नको, मासे नको.

पोहायचं असेल तर वाळूची अपेक्षा ठेवू नका. खडक आणि गोटे आहेत, पाणी काचेसारखं, आणि खडकांत सी अर्चिनचे काळे काटेरी गोळे. रबरी बूट घातल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. गावाच्या दक्षिणेला झ्लात्नी र्त हे जंगल आहे, देवदार आणि पाइनची सावली, सपाट रस्ते, बाक. आईंसाठी सकाळची उत्तम जागा. तिथल्या जुन्या खाणीतला दगड व्हेनिसला जात असे, आता त्या कड्यावर गिर्यारोहक चढतात.

गाडी आणि कागदपत्रं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो झालंय, त्यामुळे आई-बाबांना जर्मनीसाठी मिळालेला शेंगेन व्हिसा चालतो, वेगळा नको. तरी पासपोर्ट हाताशी ठेवा, मधल्या काळात स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू झालेली आहे. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया दोन्हींचा विन्येत, म्हणजे महामार्ग वापरण्याचा पास, लागतो, मोठ्या बोगद्यांचा टोल वेगळा. रोविन्यला रेल्वे नाही. जुन्या गावात गाडी जात नाही, वाल्दिबोराला लावावी लागते आणि उन्हाळ्यात ते महाग पडतं. म्हणून खोली घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: गाडी कुठे लावायची आणि दारापर्यंत किती पायऱ्या. टेकडीवरची घरं सुंदर असतात, पण आतले जिने उभे असतात. तुमच्या मंडळींसाठी बंदराच्या पातळीवरचं घर घ्या, तळमजला किंवा लिफ्ट असलेलं.

जूनचा पहिला पंधरवडा मिळाला तर सोडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. वारा कोरडा आणि ईशान्येचा असेल तर तो बुरा, हवा स्वच्छ होते पण होडीच्या फेऱ्या रद्द होऊ शकतात. आग्नेयेकडून दमट वारा सुटला तर तो युगो, लाटा आणि पाऊस घेऊन येतो. अशा दिवशी गाडी काढून पुला शहरातलं रोमन रंगमंडळ किंवा पोरेचमधलं सहाव्या शतकातलं युफ्रेझियन बॅसिलिका बघून या, दोन्ही तासाभराच्या आत आहेत. आणि पोरेचच्या वाटेवर लिम खाडीपाशी थांबून कालवं आणि शिणाणे खा, तिथेच वाढवतात, बाबा खूश होतील.