पुण्याजवळ सहा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कोणत्या गडावर न्यावे?

लोहगडावर न्यावे, आणि तेही लोहगडवाडीतून, कारण तिथपर्यंत गाडी जाते व वाडीपासून महादरवाजापर्यंत दगडी पायऱ्यांची सलग वाट आहे. मळवली स्थानकापासून भाजे गावावरून चालत जाण्याचा रस्ता सुंदर असला, तरी तो लांब चढणीचा आहे आणि लहान मूल पायऱ्या सुरू होण्याआधीच दमते.

मुलांसाठी गड निवडताना त्याची उंची पाहण्यापेक्षा दरीकडेची उघडी वाट, निसरडा मुरूम किंवा हात टेकून चढावे लागणारा कातळ कुठे आहे, हे आधी पाहावे. उभ्या कोरीव पायऱ्यांचा हरिहर किंवा कलावंतीण यांचा विचार म्हणूनच सध्या करू नये. लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात. मुलांना ‘पुढच्या दरवाजापर्यंत’ एवढेच लक्ष्य पुरते आणि प्रत्येक दरवाजाशी सावलीत बसून पाणी पिता येते, हा या गडाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. विंचूकाटा या गडाच्या लांब, चिंचोळ्या सोंडेकडे उतरणारी वाट मात्र टाळावी. तिथे कातळावरून उतरावे लागते.

हे सारे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळीच लागू आहे, कारण पावसाळ्यात त्याच पायऱ्या शेवाळतात आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत मुलीचा हात धरून उतरणे खरोखर धोक्याचे ठरते.