गोठ्यातल्या दुधाचं चीज: दूध उत्पादकांचे काही प्रश्न

घरच्या दुधाचं चीज करू पाहणाऱ्यांच्या प्रश्नांपैकी हे पाच निवडले आहेत. यातल्या बहुतेक अडचणी रेनेट (दुधाचं घट्ट दही लावणारं विकर) घालण्याच्या आधीच, म्हणजे गोठ्यात नाहीतर चुलीवर, सुरू झालेल्या आहेत. उत्तरांचा जोर म्हणूनच तिकडे आहे.

दोन मुऱ्हा म्हशी आणि एक संकरित गाय आहे. पनीर नेहमीच करतो. आता चीज शिकायचं आहे. चेडरपासून सुरुवात करू का?

चेडर सध्या बाजूला ठेवा. त्यात काय चुकलं हे तीन महिन्यांनी कळतं, तोवर शंभरेक लिटर दूध त्याच चुकीत गेलेलं असतं. म्हशीचं दूध हाताशी असताना सुरती पनीर करून बघा. मुंबईच्या पारशी घरांत यालाच टोपली पनीर म्हणतात. नाव पनीर असलं तरी ते लिंबू पिळून फाडत नाहीत, रेनेटने लावतात. म्हणजे खरं तर ते चीजच. जमलं की बिघडलं, हे दुसऱ्या दिवशीच समजतं.

५ लिटर दूध ६३ अंश सेल्सिअसला आणून बरोबर ३० मिनिटं त्याच तापमानावर धरा, अधूनमधून ढवळा. मग पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून दूध ३५ अंशांवर आणा. त्यात २५ मिली ताजं, न आंबलेलं विरजण फेटून घाला आणि अर्धा तास थांबा. रेनेटचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असेल तेच घ्या, कारण प्रत्येक कंपनीच्या रेनेटची ताकद वेगळी असते. पावडर असेल तर सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवाच. चिमटीने घातलेलं रेनेट जवळजवळ नेहमी जास्त पडतं आणि त्याने चीज कडवट होतं. उकळून गार केलेल्या अर्धी वाटी पाण्यात ते विरघळवून दुधात घाला, डाव वरखाली करत अर्धा मिनिट ढवळा आणि दूध एकदम स्थिर करा.

आता दुधावर एक हलकी, स्वच्छ प्लास्टिकची वाटी तरंगत सोडा आणि दर मिनिटाला तिला बोटाने हलकेच गिरकी द्या. सुरुवातीला ती सहज फिरते, मग जड होते आणि एका क्षणी जागच्या जागी अडते. ती साधारण दहाव्या ते पंधराव्या मिनिटाला अडावी. रेनेट घातल्यापासून वाटी अडेपर्यंत जितकी मिनिटं लागली त्याच्या चौपट वेळ मोजा. बाराव्या मिनिटाला अडली असेल तर अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला दही तयार. सुरी तिरकी घालून उचलून बघा. दही एका रेषेत फाटून फटीत हिरवट, नितळ पाणी दिसलं पाहिजे. पाणी दुधाळ असेल तर आणखी पाच मिनिटं.

हे दही कापायचं नाही. पळीने पातळ पापुद्रे काढून बारीक विणीच्या टोपल्यांत थरावर थर रचा, प्रत्येक थरावर चिमूटभर मीठ. तासाभरात वडी आवळते, मग ती तिच्याच पाण्यात १२ ते २४ तास बुडवून थंड जागी ठेवा.

रेनेट घालून चार तास झाले तरी दूध लागलं नाही. दूध घरच्या गायीचं, नीट उकळून गार केलेलं. रेनेट खराब असेल का?

रेनेटला दोष देऊ नका, दूध उकळलं तिथेच काम बिघडलं. आपल्याकडे दूध आलं की पहिला उतू जाईपर्यंतचा उकळा काढायचा, हा शिरस्ता. प्यायच्या दुधाला तो ठीक, चीजला मात्र मारक. साधारण ७५ ते ८० अंशांच्या पुढे दुधाच्या निवळीतली (दही लागल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं उलगडतात आणि केसीनच्या, म्हणजे ज्याचं दही बनतं त्या प्रथिनाच्या, कणांना जाऊन चिकटतात. रेनेटला ज्या जागी कात्री चालवायची असते ती जागाच झाकली जाते. मग दूध लागत नाही, किंवा लागलं तरी लिबलिबीत राहतं. टेट्रापॅकच्या दुधाचं चीज होत नाही, त्याचंही कारण हेच. ६३ अंश, ३० मिनिटं या मर्यादेत राहिलात तर रोगजंतू मरतात आणि दही लागतं. बोटाने अंदाज न घेता डिजिटल थर्मामीटर वापरा.

योग्य तापवलेलं गायीचं दूधही कधी सैल लागतं. त्यासाठी १० लिटरला २ ग्रॅम खाण्यायोग्य कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळवून रेनेटच्या आधी घाला. म्हशीच्या दुधात कॅल्शियम मुळातच भरपूर असतं, तिथे सहसा गरज पडत नाही. आणि रेनेट क्लोरीनच्या नळपाण्यात विरघळवू नका, त्याची ताकद जाते.

मोझरेला ताणताना रबरासारखं लांबत नाही, तुकडे पडतात. कधी तर गरम पाण्यात विरघळल्यासारखं होतं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. दह्यातले केसीनचे कण कॅल्शियमने एकमेकांना बांधलेले असतात. आंबटपणा वाढेल तसं ते कॅल्शियम सुटत जातं आणि पीएच (आंबटपणाचं माप, आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) ५.२ च्या आसपास आला की दही ताणण्याजोगं होतं. त्याआधी ताणलं तर तुटतं. फार पुढे गेलं तर बांधणीच उरत नाही, भुगा होतो, आणि तो पुन्हा जुळत नाही. पीएच मीटर नसेल तर कागदी पट्टीवर विसंबू नका. दर १५ मिनिटांनी सुपारीएवढा तुकडा ८० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून चमच्याने दाबा आणि ओढा. चकचकीत दोरी निघाली की लगेच पूर्ण दही घ्या. तेवढ्या पंधरा मिनिटांतही वेळ टळू शकते.

म्हशीच्या दुधाला या आंबटपणापर्यंत पोचायला गायीपेक्षा जास्त आम्ल लागतं. घड्याळ बघून गायीची कृती म्हशीच्या दुधाला लावली की बहुतेक वेळा वेळेआधी ताणण्याची चूक होते.

गोळे मिठवणीत ठेवल्यावर वरची साल बुळबुळीत होते, अशीही तक्रार याच पत्रात आहे. साध्या पाण्यात कॅल्शियम नसल्यामुळे तसं होतं. चीजच्याच निवळीत लिटरला २५० ग्रॅम मीठ विरघळवून मिठवणी करा.

गौडा पाच आठवडे छान होता, मग फुगून आतून चिरला आणि वास सुटला. दूध नीट पाश्चराइज केलं होतं. गोठ्यात मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) वापरतो.

शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं झालं, उत्तर त्यातच आहे. खराब साधलेल्या मुरघासात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू जनावराच्या पोटातून शेणात, शेणातून सडांवर आणि तिथून दुधात येतात. ६३ अंशांना ते मरत नाहीत. चीज मुरताना जागे होऊन वायू आणि ब्युटिरिक आम्ल करतात, वास त्याचाच. इटलीत पार्मिजानो रेज्जानो या मुरवलेल्या चीजसाठी दूध देणाऱ्या गायींना मुरघास घालायलाच बंदी आहे, ती याच भीतीने.

मुरघास बंद करणं आपल्याकडे परवडत नाही, हे मान्य. मग बुरशी आलेला, मातीचा, कडेचा थर टाकून द्या, मुरघास धार काढल्यानंतर घाला, सड धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढा. एवढं करूनही फुगत असेल तर मुरवायचं चीज सोडून मोझरेला किंवा टोपली पनीर करा. ते त्या जंतूंना जागं व्हायला वेळच देत नाहीत.

एक फरक ध्यानात ठेवा. चीज पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच फुगून स्पंजासारखं झालं, तर मुरघासाचा संबंध नसतो. ती शेणाची किंवा अस्वच्छ भांड्यांची घाण दुधात उतरलेली असते. असं चीज चाखूसुद्धा नका.

कासेचा दाह झालेल्या गायीचं दूध औषधानंतर किती दिवसांनी घ्यावं? कच्च्या दुधाचं चीज जास्त चवदार असतं म्हणतात, ते करावं का?

सडात सोडलेल्या ट्यूबच्या वेष्टनावर दूध वगळण्याचा काळ लिहिलेला असतो. तो पूर्ण होईपर्यंत त्या गायीच्या चारही सडांचं दूध बाजूला ठेवा, फक्त दुखऱ्या सडाचं नव्हे. प्रतिजैविकाचा थोडा अंशही विरजण मारतो. मग आंबटपणा वाढत नाही आणि नको ते जंतू मोकळे सुटतात. शंका असेल तर वाटीभर दूध तापवून त्याला विरजण लावा. नेहमीच्या वेळेत दही लागलं नाही तर ते दूध चीजला नको. मात्र दही लागलं म्हणून वेष्टनावरचा काळ कमी करू नका.

कच्च्या दुधाचं चीज करू नका. आपल्या जनावरांत ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि क्षय दोन्ही आढळतात, आणि ताज्या चीजमध्ये हे जंतू जिवंत राहतात. गर्भवती स्त्री आणि लहान मूल घरात असेल तर हा धोका पत्करण्यासारखा नाहीच.

निवळीबद्दल दोघांनी विचारलं आहे. १० लिटर दुधातून साडेआठ-नऊ लिटर निवळी निघते. ती ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. बिनमिठाची निवळी कणीक भिजवायला, कढीला उत्तम. जनावरांना पाजायची तर ताजीच, पहिल्या दिवशी पाण्यात अर्धा लिटर मिसळून, आणि शेण पातळ होत नाही ना हे बघत दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.