वाचक विचारतात: लेहुआचं बी का उगवलं नाही?

प्रश्न : ऑनलाइन मागवलेलं हवाई बेटांवरच्या लेहुआ या झाडाचं बी काळी माती नि शेणखत घालून कुंडीत पेरलं. महिना झाला, एकही कोंब नाही. त्याचं फूल तोडलं की पाऊस येतो म्हणतात, ते काय? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : हे बी केसाइतकं बारीक असतं. त्याला उजेड लागतो, मातीखाली गेलं की संपलं. बऱ्याच बियांत गर्भच नसतो आणि जुनं बी रुजत नाही, म्हणून भरपूर पेरायचं. दोन भाग परलाइट (हलके पांढरे खडे), एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण ओलं करून बी वर नुसतं भुरभुरवा. कुंडी थाळीतल्या दोन-तीन सेंटीमीटर पाण्यात ठेवा, वरचा थर ओलावला की काढा. झारीनं पाणी घातलंत तर बी वाहून एका कडेला जमेल. वर पारदर्शक झाकण, जागा सावलीची, पण उजेडाची. ताजं बी दोन ते चार आठवड्यांत फुटतं. शेणखत नको, कोवळी रोपं बुडाशी कुजतात. काळी माती तर पाणी धरून बसते. हे झाड लाव्ह्याच्या भेगांत सर्वांत आधी उगवणाऱ्यांपैकी, मुळांना हवा हवी.

पेरणी ऑक्टोबरात करा. नागपूरचा मे महिना रोपाला सोसेल, अशी खात्री मी देणार नाही.

आता पाऊस. ज्वालामुखीची देवी पेले ओहिआ नावाच्या तरुणावर भाळली. त्याचं मन लेहुआ नावाच्या तरुणीवर होतं. नकार ऐकून पेलेनं त्याचं वेडंवाकडं झाड केलं. इतर देवांनी लेहुआला त्याच झाडाचं फूल केलं. फूल तोडलं की जोडी तुटते, मग पाऊस म्हणजे त्यांचे अश्रू. तरी हे फूल तोडतच नाहीत असं नाही. हुला नृत्याची देवता लाका हिला ते वाहतात, माळांतही गुंफतात. जंगलात शिरताना मात्र तोडायचं नाही, असा जुना संकेत.

आज हवाईत या झाडाची वेगळीच काळजी आहे. सेराटोसिस्टिस बुरशी खोडाच्या जखमेतून शिरते, पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते आणि हिरवागार शेंडा काही आठवड्यांत तपकिरी पडतो. २०१४ साली ही बुरशी ओळखली गेली. म्हणून तिथं हत्यारं ७० टक्के अल्कोहोलनं पुसतात, बुटांची माती झाडून मगच जंगलात जातात. रोप किंवा फांदी मागवू नका. बी मागवतानाही आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आहे का ते विक्रेत्याला आधी विचारा.

तसंच लाल केसरांचं फूल हवं असेल तर बॉटलब्रश लावा. तोही लेहुआसारखाच जांभळाच्या कुळातला, आणि नागपूरच्या उन्हाला दाद देत नाही.