निर्वासित का शरणार्थी?

तुम्ही विचारलंय की 1971 वर लेख लिहिताय, तर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांना निर्वासित म्हणायचं, शरणार्थी का विस्थापित, तिन्हींचा अर्थ एकच ना? नाही हो, बराच फरक आहे.

आमच्या अमळनेरच्या घरी पेटीत आजोबांचं एक जुनं पाकीट आहे, त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी कुटुंब नियोजनाचं 5 पैशांचं तिकीट आणि त्यावरच वरून छापलेलं 'शरणार्थी सहायता'. तेव्हा जवळपास 1 कोटी लोक भारतात आले, त्यांचा खर्च भागवायला सरकारने नोव्हेंबर 1971 पासून टपालावर हे जादा 5 पैसे लावले, आणि नवं तिकीट येईपर्यंत जुन्यावरच अक्षरं छापून काम चालवलं. म्हणजे इथून पाकीट टाकणाऱ्यानेही त्यात वाटा उचललाय.

पण तिकिटावरचा तो शब्द हिंदी वळणाचा. अभंगात 'शरण' आसऱ्याच्या अर्थाने येतो हे खरं, पण रोजच्या बोलण्यात 'शरण आला' म्हणजे हार मानली. शिवाय विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा तसा शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा, त्यात नुसतं मागणं दिसतं. निर्वासित म्हटलं की याला राहत्या जागेवरून कुणीतरी घालवलंय हे शब्दातच येतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. फाळणीनंतर जळगावात सिंधी कुटुंबं आली त्यांनाही आमच्याकडे निर्वासितच म्हणायचे, आजी सांगायची, "घरदार सोडीसन उनात बिचारा," म्हणजे अहिराणीत घरदार सोडून आले बिचारे.

विस्थापित मात्र इथे नको. सरदार सरोवरात अक्कलकुवा-धडगावकडची गावं बुडाली, माणसं तळोद्याकडे वसवली, ते विस्थापित, कारण देश तोच आणि पुनर्वसन मागायचं तेही आपल्याच सरकारकडे. निर्वासित सीमा ओलांडून येतो, आणि भारताने 1951 च्या निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या कागदावर तो परदेशी माणूसच, त्याला कसं वागवायचं ते सरकार त्या त्या वेळी ठरवतं. नंदुरबारहून बारडोलीकडे ऊसतोडीला जातात ते स्थलांतर, तो वेगळाच विषय.

आणि कळकळीने सांगतो, 'निर्वासितांचे लोंढे' लिहू नका, लोंढा तापीच्या पाण्याचा असतो, ही माणसं होती. बाकी लेखात सगळीकडे निर्वासित चालेल, फक्त तिकिटाचा उल्लेख आला तर तिथे शरणार्थी तसंच ठेवा, छापलंय ते तेच.