मखजन, मजल्ला आणि आपला रिसाला

दुबईत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "इथे 'अल रजुल' नावाचं अरबी मासिक मिळतं. घड्याळं, सूट, अत्तरं, मोटारी, सगळं पैसेवाल्या पुरुषांसाठी. मराठीत त्याला 'उच्चभ्रू पुरुषांचं मासिक' म्हटलं तर चालेल का? आणि मॅगझीन हा शब्द मुळात अरबी आहे म्हणतात, मग माझे अरब सहकारी त्याला 'मजल्ला' का म्हणतात?"

आधी ते 'उच्चभ्रू' खाली ठेवा. इंग्रजी 'हायब्रो'चं हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर. तिथे ब्रो म्हणजे कपाळ. कपाळ उंच तो बुद्धीने मोठा, ही एकोणिसाव्या शतकातल्या कवट्या मोजणाऱ्यांची समजूत. आपण कपाळाची भुवई केली ही पहिली चूक आणि बुद्धिमंताचा धनवंत केला ही दुसरी. 'उच्चभ्रू सोसायटीत घरफोडी' असा मथळा वाचला की भुवया ताणून बसलेले रहिवासी माझ्या डोळ्यांपुढे येतात. आणि नावाचा उच्चार 'अर्रजुल' बरं का. रजुल म्हणजे पुरुष, पण 'र'च्या आधी 'अल्'मधला ल अरबीत गिळला जातो.

आता मॅगझीन. अरबी धातू ख-ज-न, अर्थ साठवणं. त्यावरून 'खिजाना', तोच फारसीमार्गे आपल्याकडे खजिना होऊन आला आणि सोबत खजिनदारही घेऊन आला. त्याच धातूचं 'मखजन' म्हणजे कोठार, अनेकवचन 'मखाजिन'. इटालियन व्यापाऱ्यांनी ते उचललं, फ्रेंचांनी त्याचं दुकान केलं, स्पॅनिशांनी तर 'अल्'सकट नेलं: 'अल्मासेन'. मोरोक्कोत राजाच्या सत्तेला आजही 'मखजन'च म्हणतात. इंग्रजीत ते मुख्यतः दारूगोळ्याचं कोठार झालं, म्हणून बंदुकीतलं मॅगझीन. मग १७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्हने आपल्या नियतकालिकाचं नाव 'द जेंटलमन्स मॅगझीन' ठेवलं. लेखांचं कोठार, अशी कल्पना. तिथून हा शब्द नियतकालिकांना चिकटला. गंमत पाहा, मॅगझीन म्हणवून घेणारं हे पहिलंच नियतकालिक सभ्य गृहस्थांसाठी! तुमच्या अर्रजुलचा खापरपणजोबाच म्हणा, फक्त त्यात मनगटी घड्याळं नव्हती.

ही कोठाराची कल्पना आपल्याकडेही होतीच. पुण्यात १८७८ साली निघालेलं 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक आठवा. 'संग्रह' हा मॅगझीनचा इतका नेमका प्रतिशब्द असताना आपण मासिक-पाक्षिक अशा तिथ्या मोजत बसलो. उर्दूवाले हुशार. लाहोरात १९०१ साली शेख अब्दुल कादिर यांनी मासिक काढलं, त्याचं नाव 'मखजन'. अरबी शब्द लंडनला जाऊन नवा अर्थ शिकला आणि तो अर्थ घेऊन पुन्हा जुन्या नावाने वावरू लागला.

अरबांनी मात्र तो परत घेतला नाही. त्यांच्या घरी मखजन हे गोदामच राहिलं, आणि गोदाम कोण वाचायला घेईल? लेबनॉनचे इब्राहिम अल्-याजिजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियतकालिकासाठी 'मजल्ला' हा जुना शब्द रूढ केला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. तो आता इतका मुरलाय की अर्रजुल ज्या सौदी समूहाचं आहे, त्याच समूहाने १९८० साली लंडनहून काढलेल्या साप्ताहिकाचं नावच मुळी 'अल्-मजल्ला'.

मजल्लाच्या उगमावर मात्र भांडण आहे. अरबीचे अभिमानी त्याचं नातं 'जलाल'शी, म्हणजे थोरवीशी जोडतात. मला हे पटत नाही. थोरवी कुठल्याही शब्दाला चिकटवता येते. हिब्रूत 'मेगिल्ला' म्हणजे गुंडाळी करून ठेवलेला ग्रंथ, धातू ग-ल-ल, गुंडाळणं. हिब्रूचा ग तो अरबीचा ज, हे तर उंटावरूनही कळतं: तिकडे गामाल, इकडे जमल. कोकणातले आपले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, होळीच्या सुमारास येणाऱ्या पुरीम सणाला एस्तेर राणीच्या कथेची मेगिल्ला वाचतात. अर्रजुल तिचंच भावंड, फक्त गुंडाळीऐवजी गुळगुळीत कागदावर.

पण माझा खरा जीव आहे तो 'रिसाला' या शब्दावर. उर्दूत रिसाला म्हणजे मासिक. मराठीत रिसाला म्हणजे घोडदळाची तुकडी, आणि तिचा रिसालदार. उर्दूचे एक जाणकार माझ्याशी हिरिरीने वाद घालतात की हे दोन वेगळेच शब्द, योगायोगाने सारखे झाले. कसला योगायोग! धातू र-स-ल, अर्थ पाठवणं. पाठवलेला तो रसूल. पाठवलेलं पत्र रिसाला, मग छोटा ग्रंथ रिसाला, मग मासिक. आणि कामगिरीवर पाठवलेले स्वार? तेही रिसालाच, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. मॅगझीन दारूगोळ्यातून कागदावर आलं, रिसाला कागदावरून उठून घोड्यावर बसला. दोघांची वाटेत गाठ पडली असणार.

हां, तुमचं मासिक राहिलंच. 'शौकीन पुरुषांचं मासिक' म्हणा. शौक अरबीच आहे. मात्र तिकडे त्याचा अर्थ छंद नव्हे, दूर असलेल्या माणसाच्या ओढीने जीव तुटणं. अर्रजुलच्या जाहिरातींतल्या घड्याळांच्या किमती पाहिल्यात, तर दोन्ही अर्थ लागू पडतील.